हाडात गेलंय, आता दुखणारच?

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग
आणि
मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण व औषधी द्रव्ये विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : कर्करोग हाडात उतरलेल्या रुग्णांचं दुखणं त्यांच्याच जिल्ह्यात थांबवण्याबाबत

महोदय,

एकच पत्र दोन खात्यांना लिहितोय, कारण ‘ते आमच्याकडे नाही, तिकडे विचारा’ हे उत्तर आता मला पाठ झालंय. जिल्हा रुग्णालय आणि ग्रामीण रुग्णालय आरोग्य खात्याकडं, सरकारी मेडिकल कॉलेज वैद्यकीय शिक्षणाकडं, आणि औषधांचे परवाने बघणारं अन्न व औषध प्रशासन आणखी वेगळ्या टेबलावर. या टेबलांच्या मधल्या जागेत माझी आई सात आठवडे विव्हळत होती.

मी तालुक्याच्या गावी मेडिकल चालवतो. बावीस वर्षं झाली. म्हणजे औषधांच्या बाबतीत मी अडाणी नाही, आणि पहिली कबुली तीच आहे. आईच्या पाठीसाठी ज्या गोळ्या चालू होत्या त्या मी माझ्याच काउंटरवर, माझ्याच हातानं मोजून दिल्या. जिल्ह्याचं आणि दवाखान्यांचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं की एका रुग्णालयाची चौकशी लागेल, एखाद्या कंत्राटी डॉक्टरला नोटीस जाईल आणि फाइल बंद होईल. मला ते नकोय.

आई एकसष्ट वर्षांची होती. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून मिशरी. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, घरभर ठसका लागायचा, आम्ही पोरं बाहेर पळायचो. मग ती हातानं चुरून पत्र्याच्या डबीत. सकाळी उठल्यावर, जेवणानंतर, झोपायच्या आधी. थुंकायला प्रत्येक वेळी कोण उठतंय? अर्धी पोटात जायची. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण मिशरीला कुणी व्यसन म्हणतच नाही. आमच्याकडं ते ‘दात घासणं’ असतं.

दोन वर्षांपूर्वी घास अडकायला लागला. आधी भाकरी, मग चपाती, मग भातसुद्धा. प्रत्येक घासामागं पाण्याचा घोट घ्यायची आणि म्हणायची, ‘घसा सुकतोय रे.’ दुर्बिणीतून बघितलं तर अन्ननलिकेच्या मधल्या भागात गाठ. स्क्वॅमस प्रकारची, म्हणजे आतल्या अस्तराच्या चपट्या पेशींची. आपल्या देशात अन्ननलिकेचा हाच प्रकार जास्त दिसतो, आणि तंबाखू, दारू, सुपारी ही त्याची जुनी कारणं आहेत. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात केमो आणि लाइट एकदम दिलं. (किरणोपचाराला आमच्याकडं लाइटच म्हणतात.) त्या उपचाराबद्दल माझी काही तक्रार नाही. दिवाळीत तिनं चहात बुडवून शंकरपाळी खाल्ली. नंतरच्या दुर्बिणीत गाठ दिसली नाही. डॉक्टर हसून बोलले, आम्ही पेढे वाटले.

सुट्टी देताना फाइलला एक छापील कागद जोडला होता. तो अजून माझ्याकडं आहे. थोडं थोडं खा. खाल्ल्यावर लगेच आडवं होऊ नका. घास अडकला, उलटीतून रक्त पडलं, वजन उतरलं, आवाज बसला तर ताबडतोब या. सगळं बरोबर आहे. पाठ, कंबर, मांडी, बरगडी यांबद्दल त्यात एक अक्षर नाही.

जूनमध्ये तिची पाठ धरली. पेरणीचे दिवस होते, ती रानात वाकली असणार असं आम्ही ठरवूनच टाकलं. गावातल्या डॉक्टरांनी दुखण्याची नेहमीची गोळी आणि चोळायला जेल दिलं. पंधरा दिवसांनी गोळी बदलली. महिन्यानं हाडाच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी एक्स-रे काढला, म्हणाले वयोमानाची झीज आहे. पट्टा दिला, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व लिहिलं, रात्रीसाठी ट्रॅमाडॉल, म्हणजे दुखण्याची जरा जड, गुंगी आणणारी गोळी. चिठ्ठीवर आधीच्या आजाराचा उल्लेख नव्हता, कारण त्यांनी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. आमच्या डोक्यात ते प्रकरण संपलं होतं.

पण दुखणं झिजेचं नव्हतं, आणि हे कळायला यंत्र लागत नव्हतं. झिजेचं दुखणं कामानं वाढतं, पडलं की उतरतं. आईचं उलटं होतं. दिवसा ती कशीबशी फिरायची, रात्री आडवी झाली की उठून बसायची. ‘आतनं कुणीतरी पाना लावून पिळतंय’ हे तिचे शब्द. भिंतीला उशी लावून ती बसल्या बसल्या डुलक्या घ्यायची आणि मी सकाळी दुकान उघडून नवीन स्ट्रिप घरी पाठवायचो.

एक्स-रेवर मी तेव्हा विसंबलो. नंतर कळलं, मणक्यातला खनिजाचा तीस ते पन्नास टक्के भाग जाईपर्यंत साध्या एक्स-रेत पोकळी उठून दिसत नाही. म्हणजे फोटो चांगला आला याचा अर्थ हाड चांगलं आहे असा नसतो. ही गोष्ट हाडाच्या डॉक्टरांना माहीत असतेच. पण ती आठवायला समोरच्या बाईला कर्करोग होऊन गेलाय हे माहीत असावं लागतं.

ऑगस्टमध्ये तिला सारखी तहान लागायला लागली. तांब्याच्या तांब्या पाणी, आणि लघवीला दहा वेळा. पोट साफ होईना. दिवसभर ग्लानी, मध्येच माझ्या थोरल्या मुलीला माझ्या बहिणीच्या नावानं हाक मारायची. मी म्हणालो, ट्रॅमाडॉल चढतंय. ट्रॅमाडॉल बंद केलं. कॅल्शियम मात्र चालू ठेवलं, सकाळ-संध्याकाळ, दुधाबरोबर.

चौथ्या दिवशी ती उठेचना, तेव्हा उचलून शहरात नेलं. रक्तातलं कॅल्शियम १४ च्या वर. साधारण साडेदहापर्यंत ठीक मानतात. शिवाय तिच्या रक्तातलं प्रथिन इतकं उतरलं होतं की खरा आकडा त्याहूनही जास्त असणार, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. हाड विरघळून रक्तात उतरत होतं आणि मी वरून कॅल्शियमच्या गोळ्या घालत होतो. डॉक्टर भले माणूस होते, म्हणाले, त्या गोळ्यांनी एवढं वाढत नाही, हा आजाराचा खेळ आहे. या जातीची गाठ हाडातलं कॅल्शियम ओढून काढणारं संप्रेरकासारखं द्रव्य स्वतःच तयार करू शकते. मला ते पटलं. तरी त्या ब्रँडची पाकिटं मी अजून दुकानात खालच्या कप्प्यात ठेवतो.

सलाइन आणि हाडाचं विरघळणं रोखणाऱ्या झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं एक इंजेक्शन, पंधरा मिनिटांत शिरेतून. चार-पाच दिवसांत ती शुद्धीवर आली आणि पहिलं वाक्य बोलली, ‘म्हशीला पाणी दाखवलं का?’ मग एमआरआय झाला, पेट स्कॅन झाला. दोन मणके आणि डाव्या खुब्याचं हाड. अन्ननलिकेत काही नाही, यकृत स्वच्छ, फुप्फुस स्वच्छ.

‘अन्ननलिकेचा असा नुसता हाडात जाणं रेअर आहे,’ कर्करोगतज्ज्ञ म्हणाले.

या ‘रेअर’ शब्दावर मी नंतर बरंच वाचलं. त्यांचं चूक नव्हतं. हा आजार आधी आसपासच्या लसिका ग्रंथींत, मग यकृतात आणि फुप्फुसात जातो. हाडांचा नंबर त्यानंतर, मेंदूचा त्याच्याही मागं. स्तनाचा, प्रोस्टेटचा, फुप्फुसाचा कर्करोग हाडात जातो हे डॉक्टरांच्या अंगवळणी पडलंय. स्तनाचा आजार होऊन गेलेल्या बाईची कंबर दुखली की त्यांचे कान टवकारतात. अन्ननलिका म्हटलं की घशाकडं आणि पोटाकडं बघतात, पाठीकडं नाही. पण वाट तर आहेच. आतड्याला बाहेरून जसं पातळ आवरण असतं तसं अन्ननलिकेला बहुतेक ठिकाणी नसतं, त्यामुळं गाठीला अडवायला कुंपणच नाही. आतल्या थराखाली लसिकांचं जाळं वरपासून खालपर्यंत पसरलेलं. आणि छातीतल्या शिरांचं मणक्याभोवतीच्या शिरांशी जे नातं आहे ते अमेरिकेतल्या बॅटसन नावाच्या शरीररचनातज्ज्ञानं १९४० साली दाखवून दिलं. त्या शिरांना झडपा नसतात. माणूस खोकला, कुंथला की रक्त उलटं मणक्याकडं जाऊ शकतं, आणि रक्ताबरोबर पेशी.

त्याच्याही आधी, १८८९ मध्ये, स्टीफन पॅजेट नावाच्या इंग्रज शल्यविशारदानं लिहून ठेवलंय की कर्करोगाचं बी सगळीकडं उडतं, पण रुजतं ते त्याला मानवणाऱ्या जमिनीत. शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. वापसा नसेल तर बी वाया जातं. आईच्या बियाण्याला मणक्यात वापसा मिळाला, एवढंच. तिथं पोचलेल्या पेशी स्वतः हाड खात नाहीत. हाड पोखरणाऱ्या आपल्याच पेशींना त्या कामाला लावतात.

इथपर्यंत माझी तक्रार कुणाविरुद्ध नाही. असलीच तर माझ्याविरुद्ध आहे. पुढची आपल्याकडं आहे.

निदान झाल्यावर, जिथं निदान झालं त्या खासगी दवाखान्यात, सांगितलं गेलं की केमोची पुन्हा एक फेरी देऊन बघता येईल, नाहीतर नवीन इम्युनोथेरपी आहे, तिचा खर्च तुमच्या आवाक्यात नाही. दोन्ही खरं होतं. आईला फेरी नको होती. मग मी विचारलं, ‘आणि दुखण्याचं?’ कनिष्ठ डॉक्टर कागदातून डोकं वर न काढता म्हणाले, ‘हाडात गेलंय, आता दुखणारच. घरी न्या, सेवा करा.’

आम्ही घरी नेलं आणि सेवा केली. मंडळी रात्री दोनला उठून गरम पाण्याची पिशवी करायची. कूस बदलायची म्हणजे तिघं लागायचो. एक खांदा धरायचा, एक कंबर, एक पाय, आणि आई तोंडात पदराचा बोळा धरायची, म्हणजे शेजाऱ्यांना आवाज जायला नको. दिवसा शेजारणी यायच्या, ‘भोग असतात’ म्हणून जायच्या. मेडिकलवाल्याच्या घरात हे चाललं होतं. माझ्या मागच्या भिंतीवर दीड-दोन हजार औषधं लावलेली आणि तिच्या उपयोगाचं एकही नाही.

उपयोगाचं औषध कोणतं हे मला ठाऊक होतं. कॉलेजात शिकलो होतो. मॉर्फिनची तोंडानं घ्यायची गोळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या पहिल्या, १९७७ च्या यादीपासून मॉर्फिन आहे. कर्करोगाच्या वेदनेची पायरीपायरीनं चढत जाणारी पद्धत तिनं १९८६ मध्ये सांगितली आणि वरच्या पायरीवर तेच आहे. आपल्या देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीतही आहे. महागडं नाही, नवीन नाही, पेटंटचं नाही. आणि ज्या अफूपासून ते निघतं ती अफू आपल्याच देशात सरकारच्या परवान्यानं पिकते, मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात. नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत. आमच्या तालुक्याहून नीमचला रेल्वेनं एक-दीड दिवसात पोचता येतं. तिथून गोळीला आमच्या जिल्ह्यात पोचायला किती दिवस लागतात ते आपण सांगा.

जिल्हा रुग्णालयात गेलो. औषध भांडारातले सद्गृहस्थ वहीत बघून म्हणाले, ‘गोळी नाही. इंजेक्शन आहे, पण ते ऑपरेशन थिएटरच्या कपाटात. भूलतज्ज्ञांकडं किल्ली.’ गोळी का नाही? ‘मागणीच नाही.’ मागणी का नाही? ‘कुणी लिहीत नाही.’ लिहीत का नाहीत? ‘मिळत नाही म्हणून.’ मी टिंगल करत नाही. हा संवाद असाच्या असा झाला आणि तो माणूसही शेवटी कसनुसा हसला.

मेडिकल कॉलेजात सांगितलं, वेदना-उपशामक विभाग मंजूर आहे, पद भरलेलं नाही. माझ्या ओळखीच्या औषध निरीक्षकांना फोन केला. ते म्हणाले, ‘शेठ, तुमच्या परवान्यावर ते बसत नाही, भानगडीत पडू नका.’

भानगड कायद्याची होती, आणि ती संसदेनंच सोडवली आहे. १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा आला आणि परवान्यांच्या जंजाळाला भिऊन रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. तीस वर्षांच्या आसपास असं चाललं. २०१४ मध्ये दुरुस्ती झाली. मॉर्फिनसह सहा औषधं ‘अत्यावश्यक अमली औषधं’ ठरली, देशभर एकच नियम आला, आणि पाच-पाच परवान्यांच्या जागी रुग्णालयाला राज्याच्या औषध नियंत्रकाकडून ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ अशी एकच मान्यता पुरे असं ठरलं. हे करून घेण्यासाठी केरळमधल्या डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं उंबरे झिजवले. कायदा मोकळा झाला, पण आमच्या भांडारातल्या वहीला ते अजून कळलेलं नाही.

आपण म्हणाल, गोळ्या बाहेर गेल्या तर? नशेचं काय? मी बावीस वर्षं काउंटरवर उभा आहे. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या आणि झोपेच्या गोळ्या कोण मागतं, कोणत्या दिवशी, कुणाच्या नावाची जुनी चिठ्ठी घेऊन, ते मला चेहऱ्यानिशी माहीत आहे. त्या पोरांना मिळायचं ते मिळतंच. कपाटाची किल्ली फक्त आईला लागली. मॉर्फिन खुल्या मेडिकलमध्ये ठेवू द्या असं मी म्हणतच नाही. मला नकोच ते. सरकारी रुग्णालयात, वहीवर सही घेऊन, मोजून, पंधरा दिवसांचं एकदम द्या.

सात आठवड्यांनी, एका जुन्या मित्राच्या सांगण्यावरून, १४० किलोमीटरवरच्या शहरात एका धर्मादाय दवाखान्यात गेलो. गाडीत मागची सीट काढून गादी टाकली होती. तिथल्या बाईंनी आईला आधी एक प्रश्न विचारला, ‘आजी, रात्री किती वेळ झोप लागते?’ गेल्या चार महिन्यांत कुठल्याच डॉक्टरनं हे विचारलं नव्हतं. दहा मिलिग्रॅमची गोळी, दर चार तासांनी, रात्रीची थोडी जास्त. सोबत पोट साफ राहायचं औषध, ते चुकवायचं नाही. किंमत विचाराल तर माझ्या दुकानातल्या कितीतरी टॉनिकच्या बाटल्या तिच्या महिन्याभराच्या गोळ्यांपेक्षा महाग आहेत.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती लाइटची. याआधी एका ठिकाणी आम्हाला दहा बैठका सांगितल्या होत्या, म्हणजे दोन आठवडे शहरात खोली. आईला जिन्यावरून रोज उतरवणं शक्य नव्हतं म्हणून आम्ही नाही म्हणालो होतो. इथले किरणोपचाराचे डॉक्टर म्हणाले, एक बैठक. आठ ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप), एकदाच. मी संशयानं बघितलं, मला वाटलं गरिबाला स्वस्तातलं देतायत. त्यांनी समजावलं की दुखणं कमी करण्यापुरतं बघितलं तर एका बैठकीचा आणि दहा बैठकांचा परिणाम सारखाच येतो. अनेक देशांतल्या हजारो रुग्णांवर हे तपासून झालंय. दहापैकी साधारण सहा जणांना आराम पडतो. फरक इतकाच की एका बैठकीनंतर पुढं कधीतरी परत द्यावी लागण्याचं प्रमाण जास्त आहे. हाड मोडलेलं असेल किंवा मज्जारज्जू दाबला जात असेल तर हिशेब वेगळा. आईच्या बाबतीत तसं नव्हतं.

टेबलावर पंधरा मिनिटं. त्याच दिवशी घरी. पहिले दोन दिवस दुखणं उलट वाढलं, त्यांनी तसं आधीच बजावलं होतं म्हणून आम्ही घाबरलो नाही. बाराव्या दिवशी पहाटे मी उठलो तर आई खाटेवर नव्हती. ती चुलीपाशी पाट घेऊन बसली होती आणि पीठ मळत होती. तिला स्वतःला भाकरी गिळता येत नव्हती, ती आमच्यासाठी थापत होती. पहिली भाकरी कडेनं फाटली. ‘हात विसरला,’ म्हणाली आणि परत गोळा करून थापली. त्या दिवशी तिनं मिशरीची डबीही मागितली. दिली मी. मला बोल लावायचा तर लावा.

अजून पाच महिने जगली. आजार तेवढाच होता, औषधानं तो हललाही नव्हता. शेवटचे आठ-दहा दिवस सोडले तर रोज रात्री झोपली.

आता माझं मागणं. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आणि निदान दोन उपजिल्हा रुग्णालयांत तोंडानं घ्यायचं मॉर्फिन ठेवा, त्या रुग्णालयांची मान्यता औषध प्रशासनाकडून आपणच एकगठ्ठा करून घ्या, डॉक्टरनं अर्ज करायची वाट बघू नका. दोन खाती एका मंत्रिमंडळात बसतात, एका दुपारचं काम आहे. भूलतज्ज्ञाच्या किल्लीला पर्याय काढा. डॉक्टर लिहीत नाहीत कारण त्यांना शिकवलेलं नाही, तेव्हा प्रत्येक जिल्ह्यातले चार डॉक्टर आणि चार सिस्टर निवडा आणि शिकून यायला पाठवा. लांब पाठवावं लागणार नाही. वांद्र्याला शांती अवेदना सदन, म्हणजे बरा न होणारा कर्करोग झालेल्यांचं दुखणं सांभाळणारं केंद्र, १९८६ पासून आहे, पुण्यात वारज्याला १९९७ पासून असंच केंद्र आहे. दोन्ही मुंबई-पुण्यात, हेच तर दुखणं आहे. केरळात १९९३ साली कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजात एका छोट्या संस्थेनं सुरुवात केली, आणि २००८ मध्ये राज्य सरकारनं धोरण करून हे काम पंचायतींपर्यंत नेलं. तिथं सिस्टर घरी येऊन गोळ्या मोजते आणि जखम धुते. आपल्याकडं आशाताई प्रत्येक वाडीवर आहेत. खोकल्याच्या रुग्णाची नोंद त्या करतात, ‘रात्री झोप लागते का’ एवढं विचारायला त्यांना जड जाणार नाही. फक्त त्याचा मोबदला द्या, नाहीतर हेही त्यांच्याच डोक्यावर फुकट बसेल.

आणि तो छापील कागद बदला. सरकारी योजनेतून ज्याच्या कर्करोगावर उपचार झाले त्याच्या सुट्टीच्या कागदावर मराठीत, मोठ्या अक्षरात दोन ओळी वाढवा : पाठ, कंबर, खुबा सलग दोन आठवडे दुखला आणि रात्री पडल्यावर वाढला तर हा कागद डॉक्टरांना दाखवा. पायातली ताकद कमी झाली, लघवी अडकली, मुंग्या आल्या तर त्याच दिवशी या. डॉक्टरांना सगळं आठवेल अशी अपेक्षा ठेवू नका, रुग्णाच्या खिशात ते छापून द्या.

‘त्याच दिवशी’ का, तेही सांगतो. माझ्या एका गिऱ्हाइकाचे वडील, आजार दुसरा पण तोही मणक्यात गेलेला. शुक्रवारी संध्याकाळी पाय लटपटायला लागले. शनिवारी म्हणाले अशक्तपणा आहे, रविवारी सगळं बंद, सोमवारी एमआरआय. सोमवारपर्यंत पाय गेले होते. मज्जारज्जूवर दाब आला की आधी स्टेरॉइड सुरू करून तातडीनं लाइट किंवा ऑपरेशन लागतं, आणि उपचार सुरू होताना माणूस चालत असेल तर पुढंही बहुधा चालतो. पाय गेल्यावर आला तर ते परत येण्याची आशा फार थोडी. म्हातारा पुढं चार महिने जगला, सगळे खाटेवर. मुलगा अजून दुकानात येतो, काही बोलत नाही, बीपीच्या गोळ्या घेऊन जातो.

बार्शीला १९८७ पासून ग्रामीण भागातल्या कर्करोगाची घरोघर फिरून नोंद ठेवतात, देशातली अशी ती पहिली नोंदवही. कुणाला काय झालं, कधी झालं, कधी गेला हे आपल्याला चांगलं मोजता येतं. आता त्या मधल्या काळात दुखत किती होतं, याचाही एक रकाना आपल्या खात्यांनी उघडावा अशी विनंती आहे. तो रिकामा असल्यामुळंच भांडारातल्या वहीत ‘मागणी नाही’ असं लिहिलं जातं.

आई गेली तेव्हा पाकिटात अठरा गोळ्या उरल्या होत्या. नियमानं त्या परत करायच्या असतात. जिल्हा रुग्णालयात नेल्या तर ते म्हणाले, आमच्या वहीत हे औषधच नाही, जमा कुठं दाखवू? दहाव्यानंतर दुकान बंद ठेवून १४० किलोमीटर गेलो. बाहेरच्या बाकावर नांदेडकडचा एक तरुण बापाला मांडीवर घेऊन बसला होता. सकाळी सातला आलोय म्हणाला, नंबर लागायचाय, रात्रभर रेल्वेत उभ्यानं आलो. बाप कण्हत होता, तसाच, तोंडात उपरण्याचा बोळा धरून. अठरा गोळ्या माझ्या खिशात होत्या. खिडकीवर गेलो, सिस्टरनी दोनदा मोजल्या, मी वहीत सही केली आणि त्या दोघांकडं न बघता बाहेर आलो.

आपला,
तालुक्याच्या गावातला एक मेडिकलवाला